पुड्याचं तोंड, पुड्याची पाठ

मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली होती. नुकतीच सहावी संपवून सातवीत गेलेली, त्यामुळे तिला सगळं ठाऊक असतं. संध्याकाळी आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. घरातली बिस्किटं संपली होती, आणि बिस्किटं निवडायचा मान तिचा.

तिनं दोन पुडे उचलले. एक गडद लाल, त्यावर चॉकलेटची जाड धार ओततानाचं चित्र. दुसरा हिरवागार, त्यावर वाऱ्यानं डुलणाऱ्या गव्हाच्या ओंब्या, कोपऱ्यात एक पान आणि तिरप्या अक्षरांत ‘मल्टिग्रेन’. तिनं लाल पुडा जागच्या जागी ठेवला आणि हिरवा पिशवीत टाकला.

“हा हेल्दी आहे,” ती म्हणाली.

“कशावरून?”

तिनं पुडा पुन्हा बाहेर काढला, माझ्यासमोर धरला आणि माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखी म्हणाली, “मावशी, दिसतंय ना!”

मला तो शब्द फार आवडला. दिसतंय! तिनं पुडा वाचला नव्हता, उलटा केला नव्हता, नुसता पाहिला होता. सगळा निकाल तीन-चार सेकंदांत लागला. मी तिला काही बोलले नाही. लाल पुडाही पिशवीत टाकला, दोन्हींचे पैसे दिले आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर आम्ही दोन्ही पुडे टेबलावर पालथे घातले. पुड्याला तोंड असतं तशी पाठही असते. तोंडावर चित्रं, रंग, मोठी अक्षरं. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत एक तक्ता आणि एक लांबलचक यादी. भाचीनं वही घेतली आणि तक्त्यातले आकडे शेजारी शेजारी लिहिले. १०० ग्रॅम लाल बिस्किटांत साखर २७ ग्रॅम. १०० ग्रॅम हिरव्या बिस्किटांत साखर २२ ग्रॅम. ऊर्जा लालमध्ये ४९२ किलोकॅलरी, हिरव्यात ४८०. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप, लोणी, पामतेल यांत भरपूर असते ती चरबी, लालमध्ये साडेनऊ ग्रॅम, हिरव्यात नऊ.

“एवढाच फरक?” ती म्हणाली.

एवढाच. हिरवा पुडा थोडासा सरस होता, हे खरंच. पण किती? एका वेळी तीन बिस्किटं खाल्ली, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, तर साखरेत जेमतेम सव्वा ग्रॅमचा फरक पडतो. चहाच्या सपाट चमच्यात अंदाजे चार ग्रॅम साखर मावते. म्हणजे फरक पाव चमच्याहून किंचित जास्त. दुकानात मात्र तिच्या डोळ्यांना एक पुडा ‘चांगला’ आणि दुसरा ‘वाईट’ दिसला होता.

मग आम्ही यादी वाचली. या यादीचा एक नियम फार उपयोगाचा आहे. जो घटक वजनानं सगळ्यांत जास्त, तो पहिला. त्याहून कमी तो दुसरा. असं उतरत्या क्रमानं लिहायचं. हिरव्या पुड्याच्या यादीत पहिला होता मैदा, ५४ टक्के. दुसरी साखर. तिसरं पामतेल. त्यानंतर गव्हाचा कोंडा, मग ओट्स २.५ टक्के, नाचणी १ टक्का. आणखीही एक नियम आहे: पुड्याच्या तोंडावर एखाद्या घटकाचा डंका पिटला असेल, तर तो किती टक्के घातलाय हे सांगावंच लागतं. म्हणून तर ते अडीच आणि एक हे आकडे तिथे होते.

“अडीच टक्के म्हणजे किती?” असं विचारून ती थांबली नाही. आजीचा छोटा वजनकाटा आणला, त्यावर वाटी ठेवली आणि ओट्स अडीच ग्रॅम होईपर्यंत टाकत राहिली. शंभर ग्रॅम बिस्किटांमागे एवढे! ते तिनं तळहातावर घेतले. फुंकर मारली असती तर उडून गेले असते. नंतर तिनं दुसऱ्या वाटीत साखर मोजली. अख्खा पुडा १५० ग्रॅमचा, म्हणजे साखर ३३ ग्रॅम, आठ चमच्यांहून थोडी जास्त. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या आणि आम्ही बराच वेळ नुसत्या पाहत राहिलो. आता तिला वेगळंच काहीतरी दिसत होतं.

इथे तुम्हाला वाटेल की माझी भाची भोळी आहे. मुळीच नाही. मोठी माणसंही अगदी अशीच फसतात, आणि हे प्रयोग करून पाहिलेलं आहे.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले जोनाथन शुल्ट यांनी एक प्रयोग केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ९३ विद्यार्थ्यांना सांगितलं, अशी कल्पना करा की तुम्ही दुकानात पैसे द्यायच्या रांगेत उभे आहात, कडकडून भूक लागली आहे आणि समोर एक चॉकलेटची वडी आहे. मग त्यांना त्या वडीचं चित्र दाखवलं. वडीच्या वेष्टनावर कॅलरी सांगणारी एक छोटी चौकट होती. काही जणांच्या चित्रात ती चौकट हिरवी होती, काही जणांच्या चित्रात लाल. बाकी सगळं तेच! तीच वडी, कॅलरींचा तोच आकडा. मग विचारलं, बाकीच्या वड्यांच्या मानानं ही तब्येतीला कितपत चांगली वाटते?

हिरवी चौकट पाहणाऱ्यांना ती वडी जास्त चांगली वाटली.

विचार करा, आकडा डोळ्यांसमोर लिहिलेला होता. तो कुणी लपवला नव्हता, खोटाही नव्हता. पण आकडा काय सांगतो त्याआधी रंगानं कानात काहीतरी सांगून टाकलं होतं. रस्त्यावरचा हिरवा दिवा म्हणतो, ‘जा’. पालेभाजी हिरवी, पाऊस पडल्यावर डोंगर हिरवा. लहानपणापासून हिरव्या रंगाशी आपली इतकी चांगली ओळख झालेली असते की तो चॉकलेटच्या वडीवर आला तरी आपण त्याच्यावर विश्वास टाकतो.

त्याच अभ्यासातला दुसरा प्रयोग मला अधिक नवलाचा वाटला. तिथे हिरव्या चौकटीची तुलना पांढऱ्या चौकटीशी केली होती, आणि लोकांना असंही विचारलं होतं की आरोग्याला चांगलं तेच खाणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं. ज्यांना ते फार महत्त्वाचं वाटत होतं, त्यांच्यावरच रंगाचा प्रभाव जास्त पडला! काळजी घेणारा माणूस जास्त सावध असेल असं आपल्याला वाटतं. पण तोच माणूस पुड्यावर काहीतरी खूण शोधत असतो, आणि शोधणाऱ्याला हिरवा रंग चटकन सापडतो.

आपल्या देशात या हिरव्याचा आणखी एक घोळ आहे. बहुतेक पुड्यांवर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका तुम्ही पाहिला असेल. तो फक्त एवढंच सांगतो की हा पदार्थ शाकाहारी आहे. मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. वेफर्सवर हिरवा ठिपका असतो, गोळ्यांवर असतो, शीतपेयाच्या बाटलीवरही असतो. पण माझ्या भाचीच्या वर्गातल्या काही मुलांना तो ‘चांगलं आहे, खा’ असं सांगणारा ठिपका वाटतो. तिलाही तसंच वाटत होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

बरं, आपण पाठ वाचतो का? विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात. पण लोक काय सांगतात आणि त्यांचे डोळे काय करतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि डोळे काय करतात ते मोजायचं एक यंत्र आहे. माणूस संगणकाच्या पडद्याकडे पाहत असतो. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याच्या डोळ्यांवर पडतो, बुबुळावर त्याचा बारीक ठिपका चमकतो आणि कॅमेरा तो ठिपका टिपत राहतो. त्यावरून कळतं की माणसाची नजर आत्ता पडद्यावर नेमकी कुठे टेकली आहे आणि किती वेळ. नजरेच्या पाऊलखुणाच म्हणा ना!

अमेरिकेतल्याच मिनेसोटा विद्यापीठात २०३ माणसांना असं पडद्यासमोर बसवलं आणि ६४ खाद्यपदार्थ एकामागून एक दाखवले. प्रत्येक पदार्थाचं चित्र, किंमत, घटक आणि पोषणाचा तक्ता. हे घ्याल की नाही, एवढंच विचारलं. नंतर लोकांना प्रश्न केला, तुम्ही खरेदी करताना कॅलरी पाहता का? शंभरातले ३३ म्हणाले, जवळजवळ नेहमीच पाहतो. यंत्राची नोंद पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक वेळी कॅलरीच्या ओळीवर नजर टेकवणारे निघाले शंभरात फक्त ९. ते लोक खोटं बोलत नव्हते. पाहायला हवं असं त्यांना मनापासून वाटत असणार, आणि वाटण्याचं पाहण्यात कधी रूपांतर झालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नसणार.

त्या नजरेच्या पाऊलखुणांतून आणखी एक गंमत कळली. तक्ता पडद्याच्या मधोमध असेल तर लोक तो जास्त पाहत होते, कडेला असेल तर कमी. आणि तक्त्यातल्या वरच्या ओळी वाचल्या जात, खालच्या तशाच राहत. आता तुमच्या घरातला वेफर्सचा पुडा उलटा करा आणि सोडियम कुठे लिहिलंय ते शोधा. सोडियम म्हणजे मिठाचा हिशेब. त्याच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. बहुतेक पुड्यांवर ते अगदी तळाच्या ओळीत बसलेलं असतं.

रंग झाला, जागा झाली. आता शब्दांकडे येऊ. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना सकाळच्या न्याहारीच्या सिरिअलचा, म्हणजे दुधात घालून खातात त्या पोह्यांसारख्या पदार्थाचा, तक्ता दाखवला. एका तक्त्यात ‘साखर’ असं लिहिलं होतं. दुसऱ्यात त्याच जागी ‘फळांची साखर’. आकडे तेच. तरीही ‘फळांची साखर’ वाचणाऱ्यांना तो पदार्थ जास्त पौष्टिक वाटला. एका ‘फळ’ या शब्दानं साखरेला आंब्या-पेरूची पुण्याई मिळाली!

आपल्याकडे हे काम ‘मध’ आणि ‘गूळ’ करतात. पुड्यावर लाकडी पळीतून ओघळणारा मध दिसला की आपलं मन विरघळतं. मी मधाच्या विरुद्ध नाही. मला मध फार आवडतो. पण मधाची आणि गुळाची गोडी मुख्यतः साखरेचीच असते, आणि यादीत मध कितव्या नंबरावर आहे ते पाहिल्याशिवाय चित्रातल्या मधावर बोलण्यात अर्थ नाही. यादीत साखर इतर नावांनीही येते: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट शुगर सिरप, कॉर्न सिरप. एकच मुलगा हजेरीला चार वेगवेगळ्या नावांनी ‘हजर’ म्हणतो, तसंच हे.

कधी कधी पुड्यावरचं वाक्य शंभर टक्के खरं असतं आणि तरी त्यातून भलतंच कळतं. तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं लिहिलेलं पाहिलंय? कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. शेंगदाणा, सूर्यफूल, तीळ ही झाडांची पोरं. त्यांच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. तुमच्या पणजीनं घाण्यावरून आणलेल्या शेंगतेलातही ते नव्हतं. पण पिशवीवर लिहिलं की वाटतं, या कंपनीनं काहीतरी खास केलंय आणि शेजारच्या पिशवीतल्या तेलात ते असणार.

माझ्या लहानपणी दुधात घालायच्या गोड पावडरींना सगळे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणायचे. मी रोज दोन चमचे घालून प्यायचे आणि उंची वाढेल म्हणून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करायचे. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाच्या कप्प्यात ठेवू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही. एवढी वर्षं ज्या दोन शब्दांवर मी विश्वास टाकला, त्यांना कायद्यात अर्थच नव्हता! ते वाचून मला खरोखर वाईट वाटलं.

आता तुम्हाला एका लांबच्या देशात नेते. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला, लांबुडका, नकाशावर मिरचीसारखा दिसणारा देश: चिली. तिथे मुलांमधला लठ्ठपणा फार वाढला होता. गिदो जिरार्दी नावाचे तिथले एक सिनेटर स्वतः डॉक्टर. त्यांनी आणि तिथल्या आहारतज्ज्ञांनी आग्रह धरला की पुड्याच्या पाठीवरची गोष्ट तोंडावर आली पाहिजे. कंपन्यांनी कडाडून विरोध केला. कायदा २०१२ साली झाला आणि प्रत्यक्षात लागू व्हायला २०१६ चा जून उजाडला.

काय केलं त्यांनी? अगदी साधी गोष्ट. साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट आणि कॅलरी या चौघांसाठी मर्यादा आखल्या. कारखान्यात साखर, मीठ किंवा चरबी घालून बनवलेला पदार्थ मर्यादा ओलांडत असेल, तर पुड्याच्या तोंडावर काळा अष्टकोन छापायचा. त्यात पांढऱ्या अक्षरांत ‘आल्तो एन आसूकारेस’, म्हणजे ‘साखर जास्त’. खाली बारीक अक्षरांत आरोग्य मंत्रालयाचं नाव. चौघांपैकी जितक्या मर्यादा मोडल्या तितके अष्टकोन. एक, दोन, तीन किंवा चारही.

अष्टकोनच का? रस्त्यावरची ‘थांबा’ ही पाटी आठवा. लाल रंगाची, आठ कोन असलेली. वाहतुकीच्या दुसऱ्या कुठल्याच पाटीला तो आकार नसतो, त्यामुळे ती मागून पाहिली, धुळीनं माखली, अक्षरं पुसली, तरी ओळखू येते. चिलीतही ‘थांबा’ची पाटी अष्टकोनीच आहे. मग पुड्यावरचा अष्टकोन वाचायला अक्षर यायलाही नको. तीन वर्षांचं पोरही तो मोजू शकतं. आणि तो काळा, म्हणजे हिरव्या-पिवळ्या झगमगाटात उठून दिसणारा.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या पदार्थावर अष्टकोन आहे, त्यावर मुलांना भुलवणारी कार्टून काढायला बंदी. मक्याच्या गोड सिरिअलच्या खोक्यावर वर्षानुवर्षं हसत उभा असलेला टोनी नावाचा वाघ चिलीत खोक्यावरून नाहीसा झाला. अष्टकोनवाले पदार्थ शाळेत विकायलाही बंदी.

मग लोक बदलले का? संशोधकांनी दोन हजारांहून जास्त कुटुंबांच्या खरेदीची नोंद तपासली. कायदा आला नसता तर गोड पेयांची जेवढी खरेदी झाली असती असा अंदाज होता, त्यापेक्षा ती जवळजवळ २४ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. चारातली एक बाटली दुकानातच राहिली म्हणा! कंपन्यांनीही हालचाल केली. अष्टकोन लागू नये म्हणून अनेकांनी पदार्थातली साखर कमी केली. याला दुसरी बाजूही आहे: काहींनी साखर काढून त्या जागी कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ घातले, आणि त्यांच्यासाठी चिलीत अष्टकोन नव्हता. मेक्सिकोनं २०२० मध्ये असेच अष्टकोन आणले, तेव्हा ही फट ओळखून कृत्रिम गोडीबद्दल ‘मुलांसाठी योग्य नाही’ अशी वेगळी सूचना छापायला लावली.

चिलीतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट आकड्यांची नाही. संशोधकांनी तिथल्या आयांशी बसून गप्पा मारल्या. काही आयांनी सांगितलं की आता दुकानात मुलंच आम्हाला अडवतात. शाळेत शिकवलेलं असतं, त्यामुळे डब्यासाठी काही घ्यायला गेलं की मुलंच अष्टकोन मोजतात आणि म्हणतात, हे नको. आजवर मुलं हट्ट करायची आणि आया नको म्हणायच्या, हे सगळं उलटं झालं!

आणि आपल्याकडे? इथे सध्या मोठा वाद चालू आहे. २०२२ साली भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं एक मसुदा मांडला: पुड्याच्या तोंडावर तारे छापू या. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. जितके तारे जास्त, तितका पदार्थ चांगला. फ्रिजवर वीज वाचवण्याचे तारे असतात तसे. बऱ्याच डॉक्टरांनी आणि ग्राहकांच्या संघटनांनी म्हटलं, तारे नकोत, चिलीसारखी इशाऱ्याची खूणच हवी.

मीही त्यांच्या बाजूची आहे, आणि का ते सांगते. तारा शाबासकीचा असतो. बाई वहीवर तारा देतात तेव्हा आपण घरी उड्या मारत येतो. वेफर्सच्या पुड्यावर दीडच तारा असला, तरी तो पाहून ‘अरे, हे वाईट आहे’ असं कुणाच्या मनात येईल? तारा तर मिळालाच ना! शिवाय त्यात थोडा फायबर, थोडा सुकामेवा घातला की गुण वाढतात आणि साखरेचं पाप त्यात बुडून जातं.

हे नुसतं माझं मत नाही. मुंबईत देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था आहे, इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस. तिथल्या आणि इतर संशोधकांनी सहा राज्यांतल्या २८६९ माणसांवर प्रयोग केला. लोकांचे पाच गट पाडले. एकाला पुड्यावर यातली कुठलीच खूण नाही, दुसऱ्याला इशाऱ्याची खूण, तिसऱ्याला तारे, चौथ्याला लाल-पिवळे-हिरवे दिवे, पाचव्याला टक्केवारीचे आकडे. मग विचारलं, यात साखर, मीठ, चरबी कशात जास्त आहे? खूण नसलेल्या गटात शंभरातल्या साधारण ३९ जणांनी बरोबर ओळखलं. तारे पाहणाऱ्यांत ४५ जणांनी. इशाऱ्याची खूण पाहणाऱ्यांत ६१ जणांनी. विकत घ्यायचं की नाही, याबद्दलचं लोकांचं मन मात्र एवढ्याशा भेटीत बदललं नाही. ओळखणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं, हे ज्याच्यासमोर भजी ठेवली आहेत त्याला पटेल.

हे सगळं ऐकून माझ्या भाचीनं काय केलं असेल? तिनं आधी शुल्ट यांचा प्रयोग आमच्या इमारतीत करायला घेतला. तुम्हालाही जमेल असा आहे. एका कागदावर बिस्किटाच्या पुड्याचं चित्र काढायचं, आणि हुबेहूब तसंच दुसऱ्या कागदावर. कॅलरीचा आकडा दोन्हींवर एकच. फक्त आकड्याभोवतीची चौकट एकीकडे हिरवी, दुसरीकडे लाल. चित्र, अक्षरं, कागद, काहीही बदलायचं नाही. नाहीतर फरक रंगानं पडला की आणखी कशानं, ते कळणार नाही. आणि महत्त्वाचं, एका माणसाला एकच कागद दाखवायचा. दोन्ही दाखवले तर तो हुशार होतो, तुलना करतो आणि म्हणतो, आकडा तर सारखाच आहे! पाळीपाळीनं एकाला हिरवा, पुढच्याला लाल. प्रत्येकाकडून एक ते सात असे गुण घ्यायचे आणि शेवटी दोन्ही रंगांची सरासरी काढायची. निदान वीस-वीस माणसं तरी हवीत. चार जणांवरून काही ठरवू नका.

त्यानंतर तिनं काळा कार्डपेपर कापून ढीगभर अष्टकोन बनवले आणि चिलीच्या मर्यादा वहीत उतरवून घेतल्या. २०१९ पासून तिथे लागू असलेल्या, घट्ट पदार्थांसाठीच्या, दर १०० ग्रॅमला: कॅलरी २७५, साखर १० ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ४ ग्रॅम, सोडियम ४०० मिलिग्रॅम. पहिला नंबर अर्थातच त्या हिरव्या मल्टिग्रेन पुड्याचा. ४८० कॅलरी, एक अष्टकोन. २२ ग्रॅम साखर, दुसरा. ९ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, तिसरा. सोडियम ३०० मिलिग्रॅम होतं, म्हणून चौथा वाचला. लाल पुड्यालाही तीनच. डिंकानं चिकटवल्यावर दोन्ही पुडे सख्ख्या भावांसारखे दिसायला लागले.

फडताळातले डबे, बरण्या, पुडे करत करत ती बेसनाच्या लाडवांच्या डब्यापाशी आली. आजी सगळा वेळ खुर्चीत बसून पाहत होती.

“माझ्या लाडवांना पण लावणार का गं?” आजीनं विचारलं.

भाची अडखळली. चिलीचा नियम कारखान्यातून येणाऱ्या मालासाठी आहे, घरच्यासाठी नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तिला आता हिशेब केल्याशिवाय राहवेना. आजीला माप विचारलं. अर्धा किलो बेसन, ४०० ग्रॅम पिठीसाखर, ३०० ग्रॅम तूप. सगळं मिळून १२०० ग्रॅम. शंभर ग्रॅम लाडवात साखर ३३ ग्रॅमच्या वर. बिस्किटांपेक्षाही जास्त! तुपामुळे सॅच्युरेटेड फॅटही भरपूर, कॅलरीची तर बातच नको. मीठ नाही. म्हणजे तीन.

तीन अष्टकोन हातात धरून ती उभी राहिली, आजीकडे पाहत.

“लाव की,” आजी म्हणाली, “खरं आहे ते खरं. पण मी तुला एका वेळी किती देते?”

“एक.”

“आणि वर्षातून किती वेळा करते?”

“दिवाळीला. आणि मी आले की.”

“मग तेही लिही त्याच्यावर,” आजी म्हणाली.

भाचीनं तिन्ही अष्टकोन झाकणावर ओळीनं चिकटवले, पांढऱ्या खडूनं खाली बारीक अक्षरांत ‘एका वेळी एक’ असं लिहिलं, आणि मग झाकण उघडून आपला एक लाडू काढून घेतला.